चाळीस घरांचं एक उत्तर

आप्पा शेडगे यांनी अंगावर घेतलेलं काम अर्धवट सोडलं, असं कांदा-बटाटा मार्केटात कुणी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या वर्षी त्यांच्या लेकीचं एम.ए. बुडायला निघालं ते नेमकं या गुणापायी.

अरुणा विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात दुसऱ्या वर्षाला होती. समाजशास्त्र म्हणजे काय, हे आप्पांनी पहिल्याच महिन्यात तीनदा विचारून घेतलं होतं. "माणसं एकमेकांशी कशी वागतात त्याचा अभ्यास," असं तिनं सांगितल्यावर ते म्हणाले होते, "त्याला दोन वर्षं कशाला लागत्यात?" मार्केटात मात्र ते "आमची अरुणा शास्त्र शिकतीया" एवढंच सांगत, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण ते ज्योतिष असावं असं समजून हात पुढं करत.

ही दोन वर्षं त्यांनी मागून आणली होती. पाटणकडच्या गावात थोरले बंधू पोरीच्या लग्नासाठी अडून बसले होते. तेव्हा देवळाच्या पायरीवर चारचौघांसमोर आप्पा म्हणाले होते, "दोन वर्षं द्या दादा. तिसरं मागितलं तर जोडा काढा." दादांनी दोन वर्षं दिली आणि शब्द नीट लक्षात ठेवला. म्हणजे मार्चच्या पंधरा तारखेपर्यंत अरुणाचा प्रबंध विभागात पोचला तर ठीक, नाहीतर तिसऱ्या वर्षाचा प्रश्नच नव्हता.

प्रबंधाचा विषय होता माथाडी कामगारांच्या घरात निर्णय कोण घेतं. चाळीस घरं, घरटी बत्तीस प्रश्न. प्रश्नांचे झेरॉक्स काढून झाले, वर विभागाचा शिक्का बसला, आणि जानेवारीच्या शेवटी अरुणाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी महिनाभर अंथरुणातून हलू नको म्हणून बजावलं. फॉर्मांचा गठ्ठा कपाटावर पडून राहिला. ती तापात त्याच्याकडं बघायची आणि आप्पा तिच्याकडं बघायचे.

एका सकाळी मार्केटला निघताना त्यांनी गठ्ठा काखेत मारला.

"तेवढं भरून आनतो," ते शालनला, म्हणजे अरुणाच्या आईला म्हणाले. "चाळीस मानसांचं काय एवढं. चाळीस टन उतरवतो आपन."

शालन म्हणाली, "पोरीला इचारलं का?"

"झोपलीया ती."

आप्पा स्वतःला धरून चोवीस जणांच्या टोळीचे मुकादम होते. शेजारच्या गाळ्यावरची सोळा जणांची टोळीही त्यांच्याच शब्दात होती. मुकादमानं गोण्या मोजायच्या, कुणाची पाळी कधी ते ठरवायचं आणि टोळीच्या वतीनं बोलायचं. बोलण्याचं काम सगळ्यांत अवघड. फार वर्षांपूर्वी, मार्केट मुंबईत होतं तेव्हा, गोणीचं वजन जास्त भरतं अशी टोळीनं तक्रार केली होती. चौकशीला साहेब आले. त्यांनी तिघांना विचारलं. एकानं पाठ दुखते म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं गुडघा, आणि तिसरा घाबरून म्हणाला, काही दुखत नाही. साहेब म्हणाले, आधी आपसांत ठरवा आणि मग बोलवा. त्या दिवसापासून आप्पांचा नियम झाला: कागद घेऊन कुणीही येवो, टोळीचं उत्तर एक.

अकराच्या सुमाराला गाड्या रिकाम्या झाल्या, तशी चाळीस माणसं कांद्याच्या रिकाम्या बारदानांवर बसली. आप्पांनी चष्मा लावला.

"प्रश्न तिसरा. अपत्ये किती."

"पाच," शहाजी म्हणाला. शहाजी टोळीतला सगळ्यांत दांडगा गडी, आवाजानंही.

"पाच सांगतोस इद्यापीठाला?"

"हायेत की पाच."

"हायेत ती घरात. कागदावर शिक्का बघ. शिक्का म्हंजी सरकार. सरकारला किती पायजेत?"

"दोन," दोघंतिघं म्हणाले. दवाखान्याच्या भिंतीवरचा लाल त्रिकोण सगळ्यांनी पाहिला होता.

"मंग दोन. एक पोरगा, एक पोरगी."

बंडूनं हात वर केला. बंडू तिशीचा, दोन्ही टोळ्यांत बिनलग्नाचा तो एकटाच. "मुकादम, माजं लगीनच न्हाय."

"टोळीत हायस का न्हाईस?"

"हाय."

"मंग दोन."

बंडूनं मान डोलावली. शेजारच्यानं त्याच्या पाठीत थाप मारून पेढे मागितले.

प्रश्न नववा होता घरातला शेवटचा मोठा निर्णय कुणी घेतला. ठरलं: दोघांनी मिळून. "कुनी दोघांनी?" असं एकानं विचारलं तेव्हा आप्पांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. बाविसावा होता घरकामात मदत करता का. ठरलं: होय, भाकरी थापतो. भाजी म्हणावी असं काहींचं म्हणणं होतं, पण भाकरी म्हटलेलं विद्यापीठाला जास्त बरं वाटेल, असं आप्पांचं मत पडलं.

खरा खोळंबा चौदाव्या प्रश्नाला झाला. मुलीला किती शिकवावं. शहाजी म्हणाला दहावी. एक म्हणाला लग्न ठरेपर्यंत. एकानं सातवीवर बोट ठेवलं आणि मग, समोर मुकादम बसलेत हे आठवून, बोट काढून घेतलं. दुपारचा चहा झाला, दुसऱ्या दिवशीचाही झाला. आप्पा एरवी पाच मिनिटांत निकाल देणारा माणूस, पण यावर ते काही बोलले नाहीत. तुझी पोरगी म्हणून बोलतोस, असं कुणी म्हणायला नको होतं. शेवटी शहाजीच म्हणाला, "तिला पायजे तेवढं, असं लिवा. पन आमच्या घरात वाचून दाखवू नका."

तीन दिवसांत चाळीस फॉर्म भरून झाले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे आप्पांनी स्वतःच्या गोल अक्षरात लिहिले.

अरुणा उठून बसायला लागली त्या दिवशी त्यांनी गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला आणि आपण खाटेच्या पायथ्याशी, निकाल ऐकायला बसावं तसे बसले. मार्च उजाडला होता. तिनं पहिला फॉर्म हळू वाचला. दुसरा वाचला. पाचव्यानंतर ती पानं भराभरा उलटायला लागली.

"आप्पा, बंडूदादाला दोन मुलं आहेत?"

"व्हतील की."

"सगळ्यांनाच दोन आहेत. एक मुलगा, एक मुलगी."

"व्हय," आप्पा म्हणाले. त्यात त्यांना व्यवस्था दिसत होती.

"ज्ञानूकाकांनी लिहिलंय की ते प्रत्येक गोष्ट बायकोला विचारून करतात. काकू जाऊन नऊ वर्षं झाली."

"ते अजून तिच्या फोटोला इचारल्याबिगर काय करत न्हाईत," आप्पा म्हणाले. आणि हे मात्र खरं होतं.

अरुणानं गठ्ठा नीट केला, दोरी बांधली आणि उशीशी ठेवला. ती ओरडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं. "तेरा दिवस राहिले," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

आप्पा शालनकडं वळले. "काय चुकलं?"

शालन तांदूळ निवडत होती. "मला काय इचारता," ती म्हणाली. "तुमी दोघांनी मिळून ठरवता न्हवं का?"

दुसऱ्या दिवशी अरुणा मार्गदर्शक बाईंना सांगायला निघाली. अंगात ताकद नव्हती, म्हणून आप्पा बरोबर गेले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात पाच किलो निवडक कांदा. समाजशास्त्र विभाग त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. लांबलचक व्हरांडा, बंद दारं, आणि बाकावर बसून एकमेकांशी वाद घालणारी चार पोरं. ही माणसं एकमेकांशी कशी वागतात ते आप्पांनी थोडा वेळ पाहिलं आणि अभ्यासाला दोन वर्षं का लागतात ते त्यांच्या थोडंफार ध्यानात आलं.

मालतीबाई लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या होत्या. त्यांनी कांदे टेबलाखाली ठेवून घेतले आणि फॉर्म वाचायला सुरुवात केली. एकही सोडला नाही. विसाव्याच्या आसपास त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. आप्पांनी अरुणाला कोपरानं ढोसलं. मार्क वाढले, असा त्यांचा समज झाला.

"मुकादम," बाई शेवटी म्हणाल्या, "ही उत्तरं खरी नाहीत."

"खरी न्हाईत कशी, बाई? ठरवून दिल्यात."

"कुणी ठरवली?"

"टोळीनं. तीन दिवस बसून."

"सगळ्यांचं पटलं?"

"पटतंय कुटलं. चौदाव्याला दोन दिवस गेले." आणि मग आप्पांनी सगळं सांगितलं: सातवीवरचं बोट, शहाजीची दहावी, बिनलग्नाच्या बंडूची दोन पोरं, ज्ञानूंच्या बायकोचा फोटो, भाजी की भाकरी. मालतीबाई कागद ओढून भराभरा लिहीत होत्या. आप्पांना वाटलं, आता बाजू सावरली.

"हे झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "यातल्या किती जणांनी घरी बायकोला विचारलं?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "बायकांना कशाला? त्या टोळीत न्हाईत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्याला बराच वेळ लागला.

"अरुणा," त्या म्हणाल्या, "हे जपून ठेव, यावर एक प्रकरण होईल. पण एवढ्यावर प्रबंध होणार नाही. बारा दिवस आहेत. याच चाळीस घरांतल्या बायकांना विचार. बंडूच्या आईला, ज्ञानूंच्या सुनेला. होईल?"

"होईल," अरुणा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की आप्पाच मोठ्यानं म्हणाले, "हुईल."

"तुमचंच काम अवघड आहे, मुकादम. तुम्ही कुणाला काही शिकवायचं नाही. तिथं बसायचं नाही. आणि काय लिहिलं ते वाचायचं नाही. आपलं बोलणं नवऱ्याच्या कानावर जाणार हे बायकांना कळलं की संपलं. मग वर्ष गेलं म्हणून समजा."

आप्पांनी टोपी काढून शब्द दिला. गेल्या तीन वर्षांतला त्यांचा हा दुसरा शब्द, आणि दोन्ही शब्द एकाच दाव्याला बांधलेले.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत खोल्या एकमेकींना खेटून. अरुणा दुपारी जाई, पुरुष मार्केटात असताना. सोबत शालन, कारण दुखण्यातून उठलेल्या पोरीला एकटं सोडायचं नव्हतं, आणि लग्न न झालेल्या पोरीसमोर बायका मोकळं बोलल्याही नसत्या. बायका व्यापाऱ्यांचा लसूण निवडता निवडता बोलत, आणि अरुणा लिहून घेई. फॉर्मवर नाव नाही, नुसता नंबर, तोही मुद्दाम मागंपुढं टाकलेला. रोज पाच-सहा घरं होत. संध्याकाळी मायलेकी घरी येत तेव्हा दोघींच्या अंगाला लसणाचा वास आणि तोंडावर असं काहीतरी हसू असे की आप्पांना ते बघवत नसे. ते ओट्यावर जाऊन बसत.

चौथ्या दिवशी माशी शिंकली. टोळीतला एक जण जेवायला बसला असता त्याची बायको आमटी वाढताना उगाचच हसली. काय झालं विचारल्यावर म्हणाली, "तुमचा बाविसावा प्रश्न. भाकरी कवा थापताय?" तो ताट सोडून उठला. दुसऱ्या दिवशी मार्केटात गोण्यांच्या आधी हाच विषय उतरला.

"मुकादम," शहाजी म्हणाला, "तुमची पोरगी आमच्या घरात येती, आमचं अंडंपिल्लं लिवून नेती. आमाला कळाया नगो काय लिवलं?"

"मलाबी कळत न्हाय."

"तुमच्या घरात कपाटावर गठ्ठा हाय आन् तुमाला कळत न्हाय?"

"शब्द दिलाय."

"टोळीला न इचारता?" शहाजीनं विचारलं. वीस वर्षांत आप्पांवर हा आरोप झाला नव्हता. "आदी तुमी वाचून सांगा आमाला. तवर आमची बायकू बोलनार न्हाय. माजी न्हाय, यांची न्हाय."

चोवीस घरं झाली होती. सोळा राहिली होती. त्या दुपारी अरुणा तीन घरी गेली आणि तिन्ही ठिकाणी तिला चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. पंधरा तारखेला सात दिवस उरले.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. बायकांच्या फॉर्मांचा गठ्ठा कपाटावर होता. घरात कुणी नव्हतं. वाचायचा, दोनचार गोड गोष्टी टोळीला सांगायच्या, प्रकरण मिटलं असतं. ते स्टुलावर चढलेसुद्धा. मग तसेच उभे राहिले. गठ्ठ्याला अरुणानं लाल दोरी बांधली होती आणि गाठ शालनची होती. ती गाठ सोडली तर पुन्हा तशी बांधता येणार नाही हे तेवीस वर्षांच्या संसारात त्यांना कळलं होतं. ते खाली उतरले.

आप्पांच्या टोळीत एक रीत होती. नव्या हंगामाची पहिली गाडी लागली की पहिली गोणी मुकादमानं उचलायची. कधी ती सडकी निघे आणि पाणी मानेवरून पाठीत उतरे, कधी आत राहिलेली बांबूची चीप टोचे. मुकादमानं तोंड वाकडं न करता ती थप्पीला नेऊन टाकायची, मग बाकीच्यांनी खांदा द्यायचा. आप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी गोळा केली.

"माजं घर अजून झालेलं न्हाय," ते म्हणाले. "आज दुपारी पहिली गोनी मी उचलतो. शालन बोलंल, अरुणा लिवंल, दार बंद. मी भाईर बसनार तुमच्यासमोर. मी वाचनार न्हाय, इचारनार न्हाय. त्यावर तुमचं तुमी ठरवा."

दोन वाजता गल्लीत पंचवीस-तीस माणसं जमली. कुणी ओट्यावर, कुणी उलट्या खोक्यावर, शहाजी समोरच्या पायरीवर, बरोबर आप्पांच्या तोंडासमोर. अरुणानं दार लावून घेतलं. समोरच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या.

पहिली दहा मिनिटं नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग आत शालन हसली.

"हसत्यात," बंडूनं कळवलं.

"हसू दे," आप्पा म्हणाले.

परत हसणं. या वेळी अरुणाही हसली. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बत्तीस प्रश्नांत हसन्यासारखं काय हाय?" एकानं विचारलं. "आपन ठरवलं तवा तर कुनी हसलं न्हवतं."

"तवा बायका न्हवत्या."

मग आतलं हसू थांबलं. आप्पा दाराकडं पाठ करून बसले होते, पण कान मागं गेले होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं. कपाळाला घाम आला होता. त्यांनी पुसला नाही, पुसला असता तर घाम आला हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आत शालन काहीतरी हळू, सलग सांगत होती. एकही शब्द कळत नव्हता. मध्येच ती थांबली, आणि अरुणाचा आवाज आला, "मग?" आणि पुन्हा शालन.

"एक तास झाला," बंडू म्हणाला.

"घड्याळ हाय माज्याकडं."

"न्हाय, म्हंजी कितव्या प्रश्नाला असतील?"

"बंडू," शहाजी म्हणाला, "गप बस."

शहाजी आप्पांच्या तोंडाकडं बघत होता. वीस वर्षं त्यानं हा माणूस पाहिला होता. गोणी पायावर पडून अंगठा चेचला तेव्हाही पाहिला होता. असा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. तो चुळबुळला, खाकरला, आणि शेवटी उठून आप्पांच्या शेजारी ओट्यावर येऊन बसला.

"आप्पा," तो म्हणाला. मार्केटात तो त्यांना कधी आप्पा म्हणत नसे. "बास झालं. उद्या आमच्याकडं धाडा पोरीला."

"आजून झालं न्हाय आतलं."

"तेच म्हनतोय. तुमचं एवढं हाय तर आमचं कवाच व्हायचं न्हाय. सकाळपास्नंच धाडा."

दार उघडलं. शालन पदरानं तोंड पुसत बाहेर आली. तीस माणसांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, काही सापडतंय का म्हणून. ती म्हणाली, "एवढे समदे बसलाय. चहा टाकू?"

चाळिसावं घर अकरा तारखेला झालं. अरुणानं उरलेले दिवस मान वर न करता लिहिलं. टायपिंगवाल्याकडं आप्पा स्वतः बसून राहिले. तो चहाला उठला की तेही उठत आणि त्याला घेऊनच परत येत. पंधरा तारखेला दुपारी प्रबंध विभागात पोचला. जूनमध्ये निकाल लागला. अरुणाला पहिला वर्ग चार मार्कांनी हुकला, पण ती एम.ए. झाली. थोरल्या बंधूंना आप्पांनी पत्र टाकलं. उत्तर आलं, 'बरे झाले. आता स्थळे बघतो.' त्यावर अरुणा आणि शालन दोघींनी मिळून काय ठरवलं ते आप्पांना नंतर कळलं, आणि स्थळं आणखी एक वर्ष थांबली. जोडा कुणी काढला नाही.

प्रबंधाची एक प्रत घरी आली. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. शेवटी परिशिष्टात बायकांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत, एक ते चाळीस. आता प्रबंध स्वीकारला गेला होता, शब्द सुटला होता. एका रविवारी आप्पा चष्मा लावून ओट्यावर बसले.

चाळीसपैकी अकरा बायकांनी मालक काहीच ठरवत नाहीत असं सांगितलं होतं, आणि सात जणींनी, मालक ठरवतात पण ते काय ठरवलं ते विसरतात. एकीनं लिहून घ्यायला लावलं होतं की कोपरखैरण्याची खोली मालक नको म्हणत होते, तिनं गावाहून भांडी आणून आत ठेवली, मग ते कुठं जाणार. आप्पा पान उलटायचे, पुन्हा मागं यायचे. पंधरा-वीस घरं त्यांना आपलीच वाटली.

मग तेहतीस नंबर आला. तिला विचारलं होतं, मालक तुम्हाला काय काय विचारतात? ती म्हणाली होती, 'काय इचारत न्हाईत. पोरांची नावंबी चुकवतात. फकस्त घरात शिरलं की, जेवलीस का, म्हनतात. किती वर्सं झाली. न जेवता थांबलेली दिसले तर भांडतात. दुसरं काय इचारलं न्हाय तरी चालतंय.'

आप्पांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग आत गेले. शालन पोळ्या लाटत होती, अरुणा पेपर वाचत होती.

"तेहतीस," आप्पा म्हणाले.

"काय तेहतीस?"

"तुजा नंबर."

शालननं जरा आठवून पाहिलं, आणि तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "अवो, ते शहाजी भावोजींचं घर," ती म्हणाली.

"आई," अरुणा पेपर खाली ठेवून म्हणाली, "नावं सांगायची नाहीत."

"चुकलं. हे एवढ्या तोऱ्यात आले म्हनून." ती आप्पांकडं वळली. "तुमी कवा इचारलंय जेवलीस का?"

आप्पांनी तिथंच उभं राहून तेवीस वर्षं धुंडाळली. भाजी काय हाय, हे त्यांनी रोज विचारलं होतं. चहा झाला का, हेही. ते हळूच पाटावर बसले.

दुसऱ्या दिवशी मार्केटात ते दोनदा मोजणी चुकले. शहाजी गोणी पाठीवर घेऊन समोरून गेला, परत आला, पुन्हा गेला.

"काय बघताय?" तो म्हणाला. "वाचलं व्हय ते? आमचं काय वाईट लिवलंय का?"

"नावं न्हाईत त्यात," आप्पा म्हणाले. "नंबर हायत नुसते."

"तसं तर तसं," शहाजी म्हणाला आणि गोणी थप्पीला नेऊन आदळली. आप्पांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी तंबाखू तोंडात टाकला.

त्या दिवसापासून रोजचं झालं. आप्पा जेवायला बसत, दोन घास खात, आणि विचारत, "एकोनीस?"

"न्हाय."

"एकोनीस न्हाय? भांडी आनून ठिवलेली ती?"

"भांडी चौघींनी आनली व्हती."

मग ते भांडी कधी आणली, कुठल्या गाडीनं आणली, कुणी उतरवली ते विचारत, आणि शालन सांगे, आणि त्यात आमटी गार होई. गणपतीपर्यंत त्यांनी चौदा नंबर खोडले. दिवाळीपर्यंत सव्वीस. खोडलेल्या नंबरांची यादी त्यांनी परिशिष्टाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं केली होती.

एकदा ते हात धुवायला मोरीत गेले असताना अरुणा हळू आवाजात म्हणाली, "आई, सांगून टाक ना एकदाचं. किती छळतेस."

"सांगितलं की बोलायचे थांबतील," शालन म्हणाली.

मोरीत सगळं ऐकू येई. आप्पांनी नळ जरा वेळ तसाच चालू ठेवला. मग हात पुसत बाहेर आले, पाटावर बसले, आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "आठ?"